आपांचा डबा

आपा,

तुमचा डबा अजून माझ्याकडंच आहे. तोच, स्टीलचा, कडीचा, झाकणावर भांडीवाल्यानं ठोकून ठोकून 'आपा सिस्टर' असं नाव घातलेला. त्यातला 'स्ट' त्याला नीट जमला नव्हता आणि त्यावरून तुम्ही परंड्याच्या भर बाजारात त्याच्याशी भांडला होतात. गेली वीस-बावीस वर्षं तो माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डाळींच्या बरण्यांच्या मागं पडून आहे. तीन घरं बदलली, लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात जायला लागली, ह्या काळात कितीतरी भांडी मी मोडीत घातली. हा डबा मोडीत घातला नाही आणि कधी वापरलाही नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, ह्या आपा कोण? मी म्हटलं, होत्या एक सिस्टर, सरकारी बाँडवर सक्तीची नोकरी केली त्या गावी. तेवढ्यात तुम्हाला उरकून टाकलं. मागच्या आठवड्यात तो डबा पिशवीत घालून मी तुमच्या गावी आले आणि तसाच परत घेऊन गेले. तुम्ही जाऊनही आता बारा वर्षं होतील. तुम्हाला सांगून काही बदलणार नाही, एवढं मला कळतं. पण तिथं जे ऐकलं त्यानंतर काही सुचेना, म्हणून लिहायला बसलेय.

मी पहिल्यांदा आले तो दिवस अजून लख्ख दिसतो. परंड्याला बसमधून उतरले, तिथून टमटममध्ये दाटीवाटीनं बसून सहा किलोमीटर आत. टमटमवाला विचारतो, "कुणाकडं जायलाव?" मी म्हणते, दवाखान्यात. तो मागं वळून बघतो आणि म्हणतो, "आजारी तर दिसत न्हाईत." नवी डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यानं भाडं घेतलं नाही, वर सांगितलं, "मागचं डॉक्टर बी माझ्याच गाडीत गेलं." तुम्ही फाटकात उभ्या होतात. पांढरी साडी, डोक्यावरून घट्ट पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि नाव-गाव काही न विचारता म्हणालात, "जेवलाव का?" मग क्वार्टरचं कुलूप काढलंत, तर आत शेजाऱ्यांची शेळी आणि तिची दोन करडं. मागचं खिडकीचं दार मोडलेलं, तिथून शिरलेली. मी रडायच्या बेतात आले होते. "घर मोकळं ठेवलं तर कुणीतरी ऱ्हाणारच की," असं म्हणून तुम्ही शेळी हाकललीत, आणि स्वतःच खराटा घेतलात.

ह्या पोरीला वातीचा स्टोव्हसुद्धा पेटवता येत नाही, हे तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या जुन्या पोस्टरच्या पाठीवर तुम्ही वारांची यादी केलीत आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलीत. तुमची शाळा उर्दूची, मराठी अक्षर वेडंवाकडं, पण प्रत्येक वारापुढं एक घर नीट लिहिलेलं. सोमवार वाण्याकडचा, ते लिंगायत, त्या दिवशी कांदा-लसूण नाही, पण शेंगाची पोळी अशी की बोटं चाटत बसावं. मंगळवार सरपंचांकडचा, बुधवार शाळेतल्या बाईंचा, असं करत शुक्रवार तुमचा. मी मांसाहार करत नाही, म्हणून तुम्ही परंड्याला जाऊन नवा कोरा डबा आणलात. त्याला कधी मटणाचा चमचासुद्धा लागणार नाही ह्याची काळजी माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा, वर तळलेला पापड कागदात वेगळा गुंडाळलेला, सादळू नये म्हणून. मी म्हटलं, आपा, एवढा व्याप कशाला, मी खानावळीचं बघते काहीतरी. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी पुढं आयुष्यभर वापरलं. "पगार कमी म्हणून डॉक्टर जात न्हाय, बेटा. सांजच्याला दार लावून एकटा जेवाय बसतो ना, तवा त्याच्या मनातनं गाव सुटतं." तुमच्या नोकरीत अकरा डॉक्टर येऊन गेले होते. एकाच्या जीपपुढं तर गावातल्या बायका ठाण मांडून बसल्या होत्या. "काय उपेग? त्या दिशी ऱ्हायला, दुसऱ्या दिशी गेला," असं सांगून तुम्ही हसलात.

पहिल्याच सोमवारी मी वाण्याचा डबा घासूनपुसून चकचकीत करून परत धाडला आणि स्वतःवर खूश होते. ओपीडी संपल्यावर तुम्ही दार ढकलून आत आलात, तोंड लाल झालेलं. "मोकळा डबा धाडलाव?" मी म्हटलं, धुऊन दिलाय की. "धुवून काय चाटायचाय! लोकाच्या घरचं भांडं मोकळं परत देत्यात व्हय? आईनं शिकवलं न्हाय काय?" आईवर गेलात म्हणून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आमच्याकडंही देत नाहीत, पण मी इथं एकटी, माझ्याकडं घालायला आहे काय? तुम्ही इकडंतिकडं बघितलंत, चहाच्या सामानातली साखरेची बरणी उचललीत आणि माझ्यापुढं आदळलीत. "ही काय हाय मग?" त्या दिवसापासून प्रत्येक घरच्या डब्यात मी मूठभर साखर घालून द्यायला लागले. पोरं डबा न्यायला आली की वाटेतच झाकण उघडून साखर फस्त करायची आणि घरी पोचेपर्यंत डबा मोकळाच. त्यावरून गावात लई हसायचे, मॅडमची साखर म्हणून.

पण आपा, तुमच्या मनात त्या साखरेचा वेगळाच हिशेब चालला होता, तो मला फार उशिरा कळला. माझं बाँडचं वर्ष संपलं आणि मी अजून थोडी राहते म्हटलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "म्या वळखलंच होतं. ज्या डॉक्टरानं डबा मोकळा धाडला त्यो सा म्हयन्यात गेला. ही साखर घालती. ही ऱ्हाती." मला गंमत वाटायची. खरं तर मी साखर घालत होते ती तुम्ही रागावाल म्हणून. तुम्ही मात्र त्यावर विसंबून राहिलात, आणि तुमच्यामुळं सगळं गाव.

आणि मला राहावंसं वाटत नव्हतं असंही नाही. बाळंतपणाच्या खोलीत तुम्ही मला जे शिकवलंत ते मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. बाईच्या कमरेवर हात कुठं ठेवायचा, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, सासूला खोलीबाहेर कसं काढायचं. "अम्मा, जरा पाणी गरम करून आणता का?" असं गोड बोलून तुम्ही सासूला घालवायचात, आणि त्या गरम पाण्याचं पुढं काहीच व्हायचं नाही. डॉक्टर नसले की ती खोली बंद पडायची आणि बायकांना बार्शीचा मोठा दवाखाना गाठावा लागायचा, निम्म्या तर घरीच बाळंत व्हायच्या. मी आल्यापासून खोली सुरू होती. तुमच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. "मी घरी बसायच्या आत एक डॉक्टर टिकल्याला बघायचाय, बास," असं तुम्ही म्हणायचात. मी 'बघाल की' म्हणायचे. इतकं सहज म्हणायचे, आपा.

दीड वर्ष झालं आणि माझा पुण्यात पदव्युत्तरला नंबर लागला, तोही प्रसूतिशास्त्राला. आता कुणी म्हणेल, मग चुकलं काय? शिकायला जाणं हा गुन्हा नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवस तोंड फुगवलं असतंत आणि तिसऱ्या दिवशी वाटेसाठी लाडू बांधून दिले असतेत, हे आता मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मला फक्त जीपपुढं बसलेल्या बायका दिसत होत्या, आणि तुमचं तोंड. मी भित्री होते. राजीनामा टपालानं धाडला आणि कुणालाच काही बोलले नाही.

त्याच दिवसांत सुताराची सून तपासून घ्यायला येत होती. पहिलटकरीण, वीसएक वर्षांची, आठवा संपत आलेला. बीपी थोडं वर, पायावर सूज. नवरा म्हणत होता, बार्शीला नेतो. आणि मी, जी आठ-दहा दिवसांत गाव सोडणार होते, ती मी म्हणाले, "कशाला? मी आहे ना. दर दोन दिवसांनी बीपी बघू. वाढलं तर मी स्वतः जीपमध्ये बसून नेईन." सासू खूश झाली, "मॅडम म्हणत्यात तर हितंच." असं का बोलले? सवयीनं. दीड वर्ष हेच बोलत आले होते, आणि ते बोलताना मला बरं वाटायचं. ते लोक गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "मॅडम, सूज बघितलीव का नीट? मला काय पटंना. आत्ताच धाडावं बार्शीला." मला ते झोंबलं. मी म्हटलं, "आपा, डॉक्टर मी आहे की तुम्ही?" तुम्ही हातातला ट्रे खाली ठेवलात, पदर सारखा केलात. "तुमीच," एवढंच म्हणालात. त्यानंतर तुम्ही तिच्याबद्दल मला काही सुचवलं नाहीत.

शुक्रवारी दुपारी मी निघाले. एकच बॅग घेतली, बाकीचं सामान, पुस्तकं, पांघरूण, भिंतीवरची यादी, सगळं तसंच ठेवलं, म्हणजे कुणाला शंका नको. तुम्हाला सांगितलं, तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे, सोमवारी येते. तुम्ही खिचडीचा डबा घेऊन फाटकापर्यंत आलात, बसमध्ये खायला म्हणून. "सोमवारी येता नव्हं?" मी म्हटलं, येते. "येते न्हाय, इन्शाल्ला म्हणावं." आणि मी, आपा, तुमच्या डोळ्यांकडं बघत 'इन्शाल्ला' म्हणाले. टमटमवाला तोच होता. कुर्डुवाडीच्या पुढं कुठंतरी मी डबा उघडला, पण घास गेला नाही. पुण्याला पोचेपर्यंत खिचडी आंबली.

मंगळवारी दुपारी वसतिगृहात फोन आला. खाली ऑफिसात एकच फोन असायचा; त्याचा नंबर क्वार्टरमध्ये राहिलेल्या माझ्या वहीत होता, तिथूनच तुम्हाला मिळाला असणार. माझी खोलीतली मैत्रीण माझ्याबरोबर खाली होती, तिनं उचलला, आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "परंड्याहून कुणी आपा आहेत. अर्जंट म्हणतायत." मी तिच्यापासून दोन हातांवर उभी. मला वाटलं, झालं, कळलं ह्यांना, आता विचारणार, का फसवलंस. मी मान हलवली. मैत्रिणीनं सांगितलं, ती ड्युटीवर आहे. तिकडून तुम्ही काहीतरी बोललात. मैत्रीण म्हणाली, "सांजच्याला पुन्हा लावते म्हणाल्या." त्या संध्याकाळी मी मुद्दाम बाहेर गेले. एका हॉटेलात चहा घेत बसले, एकटीच, कितीतरी वेळ.

बुधवारी सकाळी सुताराच्या सुनेला रक्तस्राव सुरू झाला. तुम्ही तिला सरपंचांच्या जीपमध्ये घालून बार्शीला नेलंत. ती वाचली. मूल पोटातच गेलं. मला हे कळलं ते दोन महिन्यांनी, वरच्या कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा. जोखमीची रुग्ण केंद्रात का थांबवून घेतली, आपण काय सल्ला दिला होता, खुलासा करावा. मी ते पत्र तीन दिवस उशीखाली घेऊन झोपले. माझी सीट जाईल, एवढं एकच डोक्यात. चौथ्या दिवशी मी लिहिलं: 'सदर रुग्णास बार्शी येथे संदर्भित करण्याबाबत मी सिस्टर यांना तोंडी सूचना दिल्या होत्या.' ते वाक्य मला अजून पाठ आहे. शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात.

पुढं काय झालं ते आपल्या फार्मासिस्टकडून कळलं, तो वर्षभरानं पुण्यात एका लग्नात भेटला. तो बिचारा सहज सांगत होता. माझं पत्र चौकशीत तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मॅडमनी सांगितलं आसंल. मला ऐकायला कमी येतंय." आपा, तुमचे कान! दोन खोल्यांपलीकडून बाळाच्या ठोक्यांबद्दल मी कुजबुजले तरी तुम्ही तिकडून उत्तर द्यायचात. तुमच्यावर ठपका आला. तुम्हाला बाळंतपणाच्या खोलीतून काढून लसीकरणाच्या रजिस्टरवर बसवलं, आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही नोंदीच करत राहिलात. नवा डॉक्टर आला नाही, खोलीला कुलूप लागलं. फार्मासिस्ट म्हणाला, "आपा तिकडं बघत बी न्हाईत मॅडम, दुसऱ्या दारानं जात्यात." मी त्याला जिलबी वाढायला सांगितली. त्यानंतर तुम्हाला पत्र लिहायला मी कितीदा तरी बसले असेन. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा, खरं सांगते, रडायच्या आधी क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आणि आता गंमत ऐका. खेड्यात डॉक्टर का टिकत नाहीत, ह्या विषयावर मला भाषणं द्यायला बोलावतात. मी ह्या विषयातली जाणकार समजली जाते. गेल्या आठवड्यात धाराशिवला, तुमच्या वेळचं उस्मानाबाद, बाँडवर आलेल्या नव्या डॉक्टरांपुढं बोलायचं होतं. क्वार्टर, पोरांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी, सगळं पडद्यावर दाखवलं, आणि शेवटी नेहमीसारखी तुमची गोष्ट सांगितली. शेळी, भिंतीवरची यादी, साखर. तुमच्या आवाजाची नक्कलसुद्धा करते मी, 'धुवून काय चाटायचाय' म्हणते आणि सभागृह हसतं. 'डॉक्टर एकटा जेवतो तेव्हा गाव सुटतं' ह्याला टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उठला, नवाच डॉक्टर. म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं होतं, मग तुम्ही का गेलात?" उद्धटपणे नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "पुढचं शिक्षण, घरच्या अडचणी." तो 'थँक यू' म्हणून बसला. चहाच्या वेळी कळलं, तो आपल्याच केंद्रावर आहे. मी विचारलं, क्वार्टर कशी आहे? "बंद असते मॅडम. मी बार्शीहून ये-जा करतो. तिथं कोण राहणार एकटं?" डबा माझ्या बॅगेत होताच. ह्या खेपेला जायचंच, असं ठरवून घरून निघताना घातला होता, आणि त्यात साखर भरली होती, काठोकाठ. त्याला म्हटलं, मला तुझ्याबरोबर ने.

तुमचं घर आता दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, तुमची मुलं सोलापूरला असतात. मी डबा हातात घेऊन तुमच्या दारापुढं मूर्खासारखी उभी होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम? आमच्या मॅडमच व्हय तुमी?" गावोगावच्या आरोग्यसेविका, आशाताई, नेसतात ती साडी, हातात रजिस्टर, केस पिकायला लागलेले. मी ओळखलं नाही. "सुताराची सून," ती म्हणाली. तिनं मला हाताला धरून घरी नेलं, खुर्ची पुसून बसवलं. नंतर तिला दोन मुलं झाली, दोन्ही बार्शीला, ती चांगली शिकतायत, हे तिनं आधी सांगितलं. माझ्याकडं तपासून घ्यायला आलेल्या बाईसारखंच अजून ती माझ्यापुढं बोलत होती, मान जरा खाली घालून. डबा बघितला आणि झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

मग ती आपणहून बोलायला लागली. तुम्ही सोमवारी, मंगळवारी तिच्या घरी चकरा मारल्यात. बीपी चढत होतं. तुम्ही सासूला हात जोडलेत, बार्शीला न्या म्हणून. सासू ऐकेना, "मॅडमनी सांगितलंय, त्या आल्याबिगर न्हाय." तेव्हा तुम्ही सासूला टमटममध्ये घालून परंड्याला नेलंत, फोनच्या दुकानात. "माझ्या सासूच्या हातात फोन द्यायचा हुता आपांना. तुमी नुस्तं 'न्या बार्शीला' म्हणला असताव, तर म्हातारी लगेच उठली असती. तुमच्या शब्दाबाहीर नव्हती ती. पण तुमी डुटीवर. सांजच्याला पुन्ना लावला, तवा बी न्हाय घावलाव." हे ती अगदी साधेपणानं सांगत होती, कुठल्या तरी जुन्या दुष्काळाबद्दल सांगावं तसं. आपा, इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही मला जाब विचारायला फोन केला होता. तुम्हाला माझ्याकडून फक्त दोन शब्द हवे होते. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते.

मी तोंड ओंजळीत लपवलं. तिला वाटलं, तिच्या दुःखानं मी गहिवरले. मलाच धीर द्यायला लागली. "तुमचा काय इलाज मॅडम? सरकारनं बदली केली तुमची, येकायेकी. आपांनीच सांगितलं समद्यांला. मॅडम जायला तयार नव्हत्या, आर्डर आली, रडत गेल्या म्हणल्या." म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही गावाला हे सांगितलंत. मी विचारलं, डबा अजून देतात का डॉक्टरांना? ती म्हणाली, "न्हाय. तुमच्यानंतर आपाच बास म्हणल्या. मागनं दोन डॉक्टर आले, त्यांला न्हाय लावला डबा." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बदलीच झालती नव्हं?" मी म्हणाले, "हो. बदलीच."

मी डबा तिच्यापुढं सरकवला, म्हटलं, हा इथंच राहू दे, आपांचा आहे. ती आत घेऊन गेली. साखर तिनं पातेल्यात ओतून घेतली, डबा धुतला, आणि शेंगदाण्याची चटणी दाबून दाबून भरून बाहेर आली. "मोकळा कसा देऊ? आपांचं भांडं हाय, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." माझा नंबर मागून घेतला, तिचा माझ्या फोनमध्ये स्वतः घालून दिला. त्या डॉक्टर मुलानं गाडी सुरू केली तरी ती फाटकाशी उभी होती.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर ते लिहायला जमलं. हे ज्या बाईला सांगायला हवं ती तुमच्याच गावात आहे, चालतीबोलती, आणि तिचा नंबर माझ्याकडं आहे. एका फोनचं काम. चार दिवस झाले, रोज ठरवते. चटणी निम्मी संपलीय, घरात सगळ्यांना आवडली. मघाशी मी हे लिहीत असताना बाहेरच्या खोलीत फोन वाजला. मुलीनं उचलला, आणि दारातून म्हणाली, "आई, परंड्याहून कुणीतरी आशाताई आहेत. चटणी आवडली का विचारतायत." मी तिच्यापासून दोन हातांवर होते, आपा. मी मान हलवली आणि हळूच म्हटलं, सांग, ड्युटीवर आहे.